बाळाला ऐकू येते का? : श्रवणदोष आणि वाचादोष लवकर ओळखण्याचा इतिहास



या पाठात आपण एका प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. एखाद्या मुलाला ऐकू येत नाही, हे किती लवकर ओळखता येते? दोनशे वर्षांपूर्वी हे बहुधा मूल बोलत नाही म्हणून कळायचे, म्हणजे दोन-तीन वर्षे उलटल्यावर. आज जन्मानंतर दुसऱ्या दिवशी, बाळ झोपलेले असतानाही ते कळू शकते. हा प्रवास वैद्यकाचा आहे, तितकाच तो भौतिकशास्त्राचा, टेलिफोनचा, संख्याशास्त्राचा आणि कायद्याचाही आहे. तुम्ही कोणत्याही शाखेचे असा, यात तुमच्या विषयाचा धागा सापडेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट नोंदवून ठेवा. श्रवणदोष दिसत नाही. पाय वाकडा असेल तर दिसतो, डोळ्यात पडदा असेल तर दिसतो. कान मात्र बाहेरून सारखाच दिसतो. म्हणून हा इतिहास म्हणजे एक अदृश्य गोष्ट मोजता येण्याजोगी करण्याचा इतिहास आहे.

१. न ओळखल्याची किंमत

प्राचीन कायदेग्रंथांत बहिरेपणाचा उल्लेख बहुतेक वेळा वारसाहक्काच्या संदर्भात येतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध, जन्मबधिर, मुके आणि जडबुद्धी यांना वडिलोपार्जित संपत्तीत वाटा नाकारला आहे. त्यांना अन्नवस्त्र द्यावे, असे पुढे सांगितले आहे. रोमन परंपरेतही असाच विचार दिसतो. सहाव्या शतकातील सम्राट जस्टिनियनच्या संहितेने मात्र एक बारकावा केला. जन्मापासून बहिरा-मुका असलेला माणूस आणि भाषा आल्यानंतर बहिरा झालेला माणूस यांत तिने फरक केला. पहिल्याला मृत्युपत्र करण्याचा अधिकार नव्हता. दुसऱ्याला लिहिता येत असेल तर होता.

हा फरक नीट पाहा. बहिरेपणा कोणत्या वयात आला यावर भाषा अवलंबून असते, हे त्या काळच्या कायदेपंडितांच्या लक्षात आले होते. चूक पुढच्या पायरीवर झाली. ज्याला भाषा मिळाली नाही, त्याला बुद्धीच नाही असे धरले गेले. स्पेनमध्ये सोळाव्या शतकात पेद्रो पॉन्से दे लिओन या भिक्षूने सरदार घराण्यांतील बहिऱ्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवले, तेव्हा या समजुतीला पहिला मोठा तडा गेला. त्यामागे वारसाहक्काची निकड असावी, असे अनेक इतिहासकार मानतात. भारतात वारसा नाकारणारी ही तरतूद १९२८च्या कायद्याने दूर झाली, आणि तीही बंगालची दायभाग परंपरा वगळून.

२. नादकाट्यापासून टेलिफोनपर्यंत

१८०० साली झां इतार हा तरुण डॉक्टर पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत रुजू झाला. तिथल्या मुलांना तपासताना त्याला आढळले की ‘बहिरा’ या एका शब्दाखाली अनेक प्रकारची मुले आहेत. काहींना मोठे आवाज कळत, काहींना स्वर कळत पण व्यंजने कळत नसत, काहींना काहीच कळत नसे. ठरावीक उंचीवरून सोडलेला लोलक धातूच्या कड्यावर आपटून दर वेळी सारखाच आवाज काढणारे उपकरण त्याने वापरले. १८२१ मध्ये कानाच्या रोगांवरचा त्याचा ग्रंथ आला. बहिरेपणाला पायऱ्या असतात, हा विचार तिथून रुळला.

नादकाटा १७११ मध्ये जॉन शोअर या इंग्रज तुतारीवादकाने वाद्ये जुळवण्यासाठी बनवला होता. जर्मनीत १८३४ मध्ये वेबर यांनी आणि १८५५ मध्ये रिने यांनी त्याचा उपयोग कानासाठी सुचवला. नादकाटा कवटीवर टेकवला की कंपने हाडातून थेट आतल्या कानापर्यंत जातात. कानाजवळ धरला की ती हवेतून जातात. दोन्हींची तुलना केली की दोष बाहेरच्या-मधल्या कानात आहे की आतल्या, याचा अंदाज येतो. आजही कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या टेबलावर हा काटा असतोच.

तरीही ‘किती’ हा प्रश्न शिल्लक होता. तो वीजशास्त्राने सोडवला. १८७६ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. बेल हे व्यवसायाने बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला ऐकू येत नसे, आणि पत्नी मेबल यांची श्रवणशक्ती लहानपणी स्कार्लेट तापात गेली होती. तीनच वर्षांनी, १८७९ मध्ये, डेव्हिड ह्यूज यांनी टेलिफोनचे भाग वापरून ऐकण्याची क्षमता मोजणारे यंत्र लंडनमध्ये मांडले. बेंजामिन रिचर्डसन यांनी त्याला ‘ऑडिओमीटर’ हे नाव दिले.

पहिल्या महायुद्धानंतर निर्वात नळ्यांमुळे कोणत्याही वारंवारतेचा, कोणत्याही तीव्रतेचा शुद्ध स्वर काढता येऊ लागला. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने १९२२च्या सुमारास असा ऑडिओमीटर तयार केला. टेलिफोनच्या तारांतील ऱ्हास मोजण्यासाठी जे एकक वापरात आले, त्याला बेल यांच्या स्मरणार्थ ‘डेसिबल’ नाव पडले आणि तेच कानासाठीही आले. हे मापन लॉगॅरिथमवर आधारलेले आहे. ध्वनिदाब दहापट झाला की आकडा २० डेसिबलने वाढतो. म्हणून ६० डेसिबलचा दोष म्हणजे ऐकू येण्यासाठी हजारपट ध्वनिदाब लागणे.

याच दशकात शाळांसाठी ग्रामोफोनवर चालणारा ऑडिओमीटर आला. चाळीसपर्यंत मुले एका वेळी कानाला रिसीव्हर लावून बसत. तबकडीवरचा आवाज आकडे बोलत जाई आणि हळूहळू बारीक होत जाई. मुले ऐकलेला आकडा कागदावर लिहीत. मागच्या बाकावर बसणारे ‘ढ’ मूल प्रत्यक्षात नीट ऐकतच नाही, हे यातून पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उघड झाले. मर्यादाही उघड आहे. ज्याला आकडे लिहिता येतात, त्याचीच ही परीक्षा होती.

३. शाळेतून पाळण्याकडे

बाळ तर हात वर करून ‘ऐकू आले’ असे सांगत नाही. १९४४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील आयरीन आणि अलेक्झांडर युइंग या दांपत्याने यावर उपाय मांडला. बाळ आईच्या मांडीवर बसते. एक जण समोर खेळण्याने त्याचे लक्ष वेधतो, मग खेळणे लपवतो. त्याच क्षणी दुसरा मागून, बाळाला दिसणार नाही अशा जागेवरून, हलका आवाज करतो. बाळाने मान वळवली तर ऐकले. आवाजही विचारपूर्वक निवडलेले असत: खुळखुळा, कपात फिरवलेला चमचा, कागदाची सळसळ, हलक्या सुरातला ‘स्स्’. पुढे ब्रिटनमध्ये घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविका सात-आठ महिन्यांच्या बाळांची ही चाचणी कित्येक दशके करत होत्या.

आपल्याकडे घरोघरी होणारी ‘ताट वाजवून पाहणे’ ही चाचणी हिच्याशी ताडून पाहा. ताट वाजवणारा माणूस बहुधा बाळाला दिसतो. ताट जमिनीवर पडले तर कंपने जाणवतात. आवाज इतका मोठा असतो की ५० डेसिबलचा दोष असलेले मूलही दचकते. मग घरचे म्हणतात, ‘ऐकू येते त्याला, सगळे समजते.’ पण बोलणे हे ताटाच्या आवाजासारखे नसते. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने क्षीण आणि उच्च वारंवारतेची असतात. ताट ऐकणाऱ्या मुलाला ‘सात’ आणि ‘आत’ सारखेच ऐकू येऊ शकते.

दरम्यान ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू होऊ शकतो. त्याच कारणाने बहिरेपणाही येतो, हे लवकरच कळले. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली आणि सुमारे २०,००० बाळे त्याचे दुष्परिणाम घेऊन जन्मली. त्यांपैकी हजारो बहिरी होती. लवकर ओळखण्याचा प्रश्न आता अभ्यासकांपुरता राहिला नाही.

४. हजारात दोघे : संख्याशास्त्राचा धडा

त्याच सुमारास डेन्व्हर येथे मेरियन डाउन्स या श्रवणतज्ज्ञ बाईंनी रुग्णालयातच सर्व नवजात बाळांची तपासणी सुरू केली. प्रशिक्षित स्वयंसेविका पाळण्याजवळ सुमारे ९० डेसिबलचा आवाज करत आणि बाळ डोळे मिचकावते का, दचकते का, हे पाहत. हजारो बाळे तपासली गेली. निकाल मात्र समाधानकारक नव्हते. झोपलेले निरोगी बाळ दचकत नसे, आणि योगायोगाने हललेले बहिरे बाळ ‘पास’ होई.

याचे गणित तुम्ही स्वतः करून पाहा. जन्मतः कायमचा श्रवणदोष साधारण हजार बाळांत एक ते तीन जणांना असतो. आपण दोन धरू. समजा, चाचणी दोघांनाही पकडते, पण निरोगी बाळांपैकी १० टक्क्यांना चुकून ‘नापास’ करते. मग हजारात जवळपास १०२ बाळे नापास होतील आणि त्यांत खरी दोनच. शंभर आयांची झोप उडेल. चाचणी चुकली तर दोन मुलांची भाषा जाईल आणि चाचणीवरचा विश्वास गेला तरीही तेच होईल. दुर्मीळ गोष्ट शोधणाऱ्या कोणत्याही चाळणी चाचणीपुढे हा पेच असतो.

डाउन्स यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये अमेरिकेत बाळांच्या श्रवणाविषयी एक संयुक्त समिती नेमली गेली. समितीने १९७१ मध्ये सांगितले की वागणुकीवर आधारलेली सरसकट तपासणी सध्या करू नये. त्याऐवजी १९७३ मध्ये जोखमीच्या बाळांची यादी सुचवली: घराण्यात बहिरेपणा, गरोदरपणात रुबेलासारखा संसर्ग, कान-नाक-घशाची जन्मजात विकृती, कमी वजन, तीव्र कावीळ. डाउन्स यांची कल्पना योग्य होती, हातात साधन नव्हते. आणि जोखमीच्या यादीतून जवळपास निम्मी मुले निसटत, कारण त्यांच्यात कोणतीच जोखीम दिसत नसे.

५. कान आणि मेंदू स्वतः उत्तर देतात

साधन दोन दिशांनी आले. पहिली दिशा मेंदूची. १९७१ मध्ये ज्युएट आणि विलिस्टन यांनी दाखवले की कानात ‘टिक्’ असा आवाज केला की पहिल्या दहा मिलिसेकंदांत श्रवणमज्जातंतू आणि ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूच्या बुडाचा देठ, यांतून विजेच्या लहरींची ठरावीक मालिका उठते. ती डोक्याच्या त्वचेवरून टिपता येते. १९७४ मध्ये हेकॉक्स आणि गॅलॅम्बोस यांनी ती बाळांत वापरली. अडचण अशी की ही लहर एका मायक्रोव्होल्टहूनही लहान असते आणि मेंदूची इतर विद्युत हालचाल तिच्या कित्येक पटींनी मोठी असते. उपाय म्हणजे सरासरी. तोच ‘टिक्’ हजार वेळा करायचा आणि नोंदींची सरासरी काढायची. संकेत दर वेळी तसाच येतो, गोंगाट वेगवेगळा येतो. गोंगाट पुनरावृत्तींच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे हजार वेळा केल्यावर सुमारे ३२ पटींनी.

दुसरी दिशा कानाची. रडारवर काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये म्हटले की आतल्या कानातील कॉक्लिया नुसता ध्वनी झेलत नसावा, रेडिओ रिसीव्हरसारखा तो स्वतः ऊर्जा घालून ध्वनी वाढवत असावा. तसे असेल तर कानातून आवाज बाहेरही यायला हवा. त्या काळी हे कोणी फारसे मनावर घेतले नाही. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कानात छोटा स्पीकर आणि मायक्रोफोन बसवून तो आवाज खरोखरच पकडला. निरोगी कान ‘टिक्’ ऐकल्यावर काही मिलिसेकंदांत अतिशय बारीक प्रतिध्वनी परत पाठवतो. कॉक्लियातील बाह्य केसपेशी बिघडल्या असतील तर तो येत नाही.

आता बाळाच्या वागण्याचा अंदाज बांधण्याची गरज उरली नाही. झोपलेले बाळच उत्तम. मात्र दोन्ही चाचण्यांच्या मर्यादा लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी कानात मळी किंवा द्रव असेल तर निरोगी बाळही नापास होते. दोष केसपेशींच्या पलीकडे, मज्जातंतूत असेल तर प्रतिध्वनी चाचणी फसते. म्हणून नवजात अतिदक्षता कक्षातील बाळांसाठी ब्रेनस्टेमची चाचणी लागते. आणि काही दोष नंतर उद्भवतात, उदाहरणार्थ मेंदूज्वरानंतर. एकदा पास म्हणजे कायमचे पास, असे होत नाही.

६. सहा महिन्यांची रेघ

इतकी घाई कशासाठी? याचे उत्तर बालभाषेच्या अभ्यासातून मिळाले. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी कॅनडात एक प्रयोग प्रसिद्ध केला, आणि त्यात हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ होते. इंग्रजी घरातील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक ऐकू येत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो बहुतांशी कळेनासा झाला होता, कारण इंग्रजीत त्याची गरज नसते. म्हणजे पहिला शब्द बोलण्याआधीच बाळाचा मेंदू आजूबाजूच्या भाषेनुसार घडत असतो. ज्या बाळाला काही ऐकूच येत नाही आणि जे खुणांची भाषाही पाहत नाही, त्याचे हे महिने रिकामे जातात.

१९८८ मध्ये ऑलर आणि आयलर्स यांनी बडबडीचा अभ्यास मांडला. ऐकणारी बाळे दहा महिन्यांच्या आत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ सुरू करतात. बहिऱ्या बाळांत ती अकरा महिन्यांनंतर किंवा त्याहून उशिरा दिसली. सुरुवातीचे हुंकार मात्र बहिरी बाळेही काढतात. म्हणूनच ‘आवाज काढतो की’ या दिलाशावर विसंबता येत नाही. उलट, १९९१ मध्ये पेटिटो आणि मॅरेंटेट यांना आढळले की सांकेतिक भाषा बोलणाऱ्या घरातील बहिरी बाळे हातांनी बडबड करतात. भाषा शिकण्याची भूक शाबूत असते. तिला वाट हवी असते.

निर्णायक पुरावा १९९८चा. कोलोरॅडोतील ख्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी श्रवणदोष असलेल्या १५० मुलांची तुलना केली. ७२ जणांचा दोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला होता, ७८ जणांचा त्यानंतर. पहिल्या गटाची भाषा स्पष्टपणे सरस होती. २००० साली संयुक्त समितीने जे सूत्र मांडले, ते आज ‘१-३-६’ म्हणून ओळखले जाते: एका महिन्याच्या आत चाळणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान, सहाव्या महिन्याच्या आत उपाययोजना.

७. भारतातील वाटचाल

भारतात बहिऱ्या मुलांसाठी पहिली शाळा १८८०च्या दशकात मुंबईत निघाली, १८९३ मध्ये कोलकात्यात दुसरी. मूल शाळेत येईल तेव्हा पाहू, अशीच तेव्हाची रीत होती. तज्ज्ञ घडवण्याचे काम १९६०च्या दशकात सुरू झाले. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था त्याच दशकातली. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली.

२०११च्या जनगणनेत सुमारे ५०.७ लाख लोकांची श्रवणदोषाखाली आणि सुमारे २० लाखांची वाचादोषाखाली नोंद झाली. हे आकडे घरच्यांनी सांगितलेले आहेत. घरात जे ओळखलेच गेले नाही, ते जनगणनेत येत नाही.

बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यात ज्या तीस आजार-दोषांची तपासणी होते, त्यांत जन्मजात बहिरेपणा आणि भाषाविकासातील विलंब आहेत. प्रसूतिस्थळी, आशा सेविकेच्या गृहभेटीत, अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत, असे तपासणीचे टप्पे आखलेले आहेत. पुढच्या उपचारासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. २०१७ मध्ये ‘सोहम’ हे ब्रेनस्टेम चाचणीचे स्वस्त भारतीय उपकरण जाहीर झाले. त्याच वर्षी गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली. बहिरेपणा ओळखण्याआधी टाळणे, हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

या साऱ्याचा दुबळा दुवा पाहायचा तर तो पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीच्या मध्ये आहे. बाळ नापास होते, पुन्हा यायला सांगितले जाते, बाळंतीण माहेरी किंवा गावी जाते, आणि कागद फाइलमध्ये राहतो. यंत्र जितके महत्त्वाचे, तितकाच दुसऱ्या तारखेची आठवण करून देणारा फोन महत्त्वाचा.

८. ओळखून पुढे काय?

या इतिहासाला दुसरी बाजू आहे. १८८० मध्ये मिलान येथील परिषदेत शिक्षकांनी ठराव केला की बहिऱ्या मुलांना तोंडी बोलण्यानेच शिकवावे. त्यानंतर अनेक देशांत वर्गातून सांकेतिक भाषा हद्दपार झाली. बेल स्वतः तोंडी पद्धतीचे कट्टर पुरस्कर्ते होते. सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण असते, हे विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखवेपर्यंत ती ‘हातवारे’ समजली जाई. भारतात सांकेतिक भाषेचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले.

म्हणून लवकर ओळखण्याचे ध्येय ‘मुलाला बोलते करणे’ इतके अरुंद ठेवू नका. श्रवणयंत्र असो, कॉक्लिअर इम्प्लांट असो वा सांकेतिक भाषा, मुलाला वेळेत भाषा मिळणे हे ध्येय. जस्टिनियनच्या काळी जो माणूस कायद्याच्या नजरेत माणूस ठरत नव्हता, त्याच्याकडे कमतरता होती ती भाषेची.

९. तुम्ही काय पाहू शकता?

तुमच्या घरी, शेजारी किंवा नात्यात लहान मूल असेल तर पुढील खुणा लक्षात ठेवा.

• तीन महिन्यांपर्यंत मोठ्या आवाजाने दचकत नाही, ओळखीच्या आवाजाने शांत होत नाही.
• सहा-सात महिन्यांत, न दिसणाऱ्या आवाजाकडे मान वळवत नाही.
• दहा महिन्यांपर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड नाही, नावाला प्रतिसाद नाही.
• सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, खूण न करता सांगितलेले कळत नाही.
• दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ अशी दोन शब्दांची जोडी नाही.
• तीन वर्षांनंतरही घराबाहेरच्या माणसाला बोलणे फारसे कळत नाही.
• अडखळणे कित्येक महिने टिकते, किंवा बोलताना मूल ताण घेते, बोलणे टाळते.
• शाळेत श्रुतलेखनात वारंवार चुकते, सारखे ‘काय?’ विचारते, कान वाहतो.
• आलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर थांबूच नका.

यांपैकी एखादी खूण म्हणजे निदान नव्हे. पण बोलणे उशिरा येत असेल तर सर्वांत आधी श्रवणचाचणी करावी. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा मामाही चार वर्षांनी बोलला’ ही वाक्ये वेळ खातात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांत आणखी एक वाक्य ऐकू येते: ‘घरात मराठी, बाहेर दुसरी भाषा, म्हणून गोंधळला.’ दोन भाषांमुळे श्रवणदोष किंवा भाषादोष होत नाही.

१९९० मध्ये संयुक्त समितीने जोखमीच्या यादीत एक नवी बाब घातली: पालकांना वाटणारी शंका. दोनशे वर्षांच्या यंत्रांनंतरही ती यादीत आहे. आई म्हणाली, ‘याला ऐकू येत नाही की काय?’ तर तिची समजूत घालू नका. तिच्यासोबत तपासणीला जा.

स्वाध्याय

१. ताट वाजवून पाहण्याची चाचणी आणि युइंग यांची चाचणी यांत कोणते तीन फरक आहेत?
२. दर हजारी तीन बाळांना दोष आहे आणि चाचणी निरोगी बाळांपैकी ४ टक्क्यांना चुकून नापास करते, असे धरा. दोष असलेली तिन्ही बाळे नापास झाली, तर नापास बाळांपैकी खरी किती टक्के?
३. डाउन्स यांची कल्पना १९६०च्या दशकात का फसली आणि १९९०नंतर का साधली?
४. तुमच्या जिल्ह्यातील शीघ्र हस्तक्षेप केंद्र कुठे आहे, ते शोधा. तिथे बाळाची श्रवणचाचणी कोणत्या दिवशी होते, याची नोंद करा.